टपालमास्तरांचं फ्रेंच

सर्व संबंधितांनी हातातली कामं बाजूला ठेवावीत, डोक्यावर टोपी असेल तर ती काढावी आणि गुडघे साथ देत असतील तर उभं राहावं. पुढील बाब अत्यंत गंभीर असून ती आजवर कोणत्याही वर्तमानपत्राने छापलेली नाही. स्वातंत्र्यानंतर पाच-सहा वर्षांनी, गोंदिया गावात, फ्रेंच भाषा जाणणारा एकच इसम होता. तो आमच्या घरासमोर राहत होता. आणि तो कोणाशीही बोलत नव्हता.

बसा आता.

त्या उन्हाळ्यात मला फ्रेंच यायलाच हवं होतं. हौस म्हणून नव्हे. मॅट्रिकची परीक्षा देऊन मी घरी बसले होते आणि आत्याबाईंनी माझ्यासाठी तुमसरचा एक गिरणीवाला पाहून ठेवला होता. धानाची मोठी गिरणी, वय अडतीस. त्याची पहिली बायको बाळंतपणात गेली होती आणि दुसरी विहिरीत.

"पाय घसरला तिचा," आत्याबाई म्हणाल्या.

"अना माहा घसरला तं?"

"आता कठडा बांधला ना त्यानं विहिरीले! तेवढी अक्कल आहे त्या मानसाले."

आई माझ्या लहानपणीच गेलेली. घर बाबांच्या थोरल्या बहिणीच्या, म्हणजे या आत्याबाईंच्या हाती. बाबा रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून होते, आणि दिवसभर पोत्यांवर ओरडून झाल्यावर घरी कोणावर ओरडायची त्यांच्यात ताकद उरत नसे. म्हणून त्यांनी मला एक सवलत दिली. नागपूरच्या एका मुलींच्या कॉलेजात कुण्या मडमेने मरताना पैसा ठेवला होता. वरच्या वर्गाचं फ्रेंच घेणाऱ्या एका मुलीला वसतिगृहात राहणं-जेवण फुकट. आमच्याकडच्या शाळांतून फ्रेंच कोणी शिकवत नव्हतं, म्हणून नियम असा की ज्या मुलीला हवं तिने घरी आपलं आपण शिकावं, जूनमध्ये लेखी आणि तोंडी परीक्षा द्यावी, आणि त्या वर्गात बसायच्या लायकीची आहे हे दाखवावं. बाबा म्हणाले, "जागा मिळाली तर नागपूर. नाही मिळाली तर ज्येष्ठातल्या शेवटच्या मुहूर्तावर तुमसर."

हातात तीन महिने होते. आणि समोरच्या घरात तो इसम.

त्याला सगळे मास्तर म्हणत. शाळेतले नव्हेत, टपालातले. ज्या पत्रांना घेणारा सापडत नाही आणि पाठवणाराही सापडत नाही, ती पत्रं सरकार एका कचेरीत गोळा करतं. नागपूरच्या त्या कचेरीत मास्तरांनी आयुष्य काढलं होतं. बेवारस पत्रं उघडायची, वाचायची, कुठे धागा लागतो का पाहायचं, नाही लागला तर जाळायची. असा माणूस निवृत्त झाल्यावर गप्पिष्ट होईल अशी अपेक्षा कोणी करू नये.

मी पहिल्या दिवशी त्यांच्या दारात उभी राहून ओरडले, "मास्तर, मले फ्रेंच शिकवाल का?" मास्तरांनी खिडकीतून बोट बाहेर काढलं आणि गल्लीच्या टोकाची लाल पेटी दाखवली. मी समजले. घरी येऊन कार्ड लिहिलं, पेटीत टाकलं. ते कार्ड पोस्टात गेलं, शिक्का खाऊन दुसऱ्या दिवशी दहा पावलं चालून मास्तरांकडे पोहोचलं, आणि तिसऱ्या दिवशी परत माझ्याकडे आलं. वर लाल पेन्सिलीत शेरा होता: पत्ता अपुरा. मी फक्त 'समोरचे मास्तर' असं लिहिलं होतं. दुसरं कार्ड मी जिल्हा भंडारा, प्रांतासकट पाठवलं. उत्तर आलं: "कुमारी यांस. उद्या सकाळी सात. पाटी आणणे. बोलणे आवश्यक तेवढेच."

ते मला शेवटपर्यंत 'कुमारी' म्हणाले आणि 'अहो' म्हणाले. सतरा वर्षांच्या मुलीला अहो म्हणणारा गोंदियातला तो पहिला पुरुष. आत्याबाईंना ते मुळीच आवडलं नाही. "त्याचं डोस्कं फिरून राहिलं," त्या म्हणाल्या, "तू नको फिरवून घेऊ तुहं."

मे महिन्यात, डांबर वितळत असताना, मास्तर गळ्यात मफलर घालत. भाजी पत्रं तोलायच्या काट्यावर तोलत आणि एक भेंडी जास्त भरली तर ती परत करत. रविवारी टपाल बंद, म्हणून तेही बंद. रविवारी त्यांच्या घराला आग लागती तरी त्यांनी सोमवारची वाट पाहिली असती. आणि त्यांच्या दाराच्या खिळ्याला पुठ्ठ्याच्या पाच पाट्या असत. परदेशातून परत आलेल्या पत्रावर जी कारणं छापलेली असतात, ती फ्रेंचमध्ये असतात, कारण जगभरच्या टपालाची ती भाषा. तीच पाच कारणं मास्तरांनी सुरेख अक्षरात रंगवली होती. अँकोन्यू, म्हणजे असा कोणी माहीत नाही. रफ्युझे, घ्यायला नकार. नाँ रेक्लामे, मागायला कोणी आलं नाही. पार्ती साँ लेसे दाद्रेस, पत्ता न ठेवता निघून गेला. आणि देसेदे, मृत. मनःस्थितीप्रमाणे पाटी बदले. भाजीवाली चौथी इयत्ताही शिकलेली नव्हती, पण टोपली उतरवण्याआधी खालून विचारायची, "आज रफ्युझे है क्या, मास्तर?"

'देसेदे' ही पाटी ते वर्षातून एकदाच लावत, पत्नीच्या श्राद्धाला.

त्यांच्याकडे फ्रेंच व्याकरणाचं एक जाडजूड पुस्तक होतं. बेवारस पार्सलांच्या लिलावात घेतलेलं. त्याच्या मूळ मालकाने समासात बारीक पेन्सिलीने टिपणं केली होती, एकोणिसाव्या धड्यापर्यंत. विसाव्या धड्यापासून समास कोरे. आम्ही तिथे पोहोचलो त्या दिवशी मास्तरांनी कोऱ्या समासावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "हा इथवर होता. पुढे आपण."

उच्चार त्यांनी पाँडिचेरीकडच्या एका रेल्वे गार्डाकडून घेतले होते. तो गाडी सोडून विश्रांतीला नागपुरात थांबे तेव्हा मास्तर त्याची मराठी-हिंदी पत्रं लिहून देत आणि मोबदल्यात नाकातून बोलायला शिकत. मला ते नाक दोन बोटांत धरून शिकवत. माझं नाही, स्वतःचं.

पण खरी गंमत सरावाच्या वाक्यांची. इतर ठिकाणी मुलं म्हणे फ्रेंचमध्ये बागेत जातात, मांजर टेबलाखाली बसवतात. मास्तरांना बाग आणि मांजर मान्य नव्हती. ते डोळे मिटत आणि तीस वर्षांत जाळलेल्या पत्रांतली वाक्यं मराठीतून सांगत. पत्रं जळाली होती, ती त्यांच्या डोक्यात शाबूत होती.

"लिहा. 'आई, खोकला थांबला की मी निघेन.'"

मी लिही.

"'धाकट्याला माझा सदरा देऊ नको, मी येऊन घालीन.'"

मी लिही. मग विचारी, "हे पोहोचलं, मास्तर?"

"नाही. ज्या गावी पाठवलं, तिथे पटकीनंतर कोणी उरलं नव्हतं. क्रियापद तपासा."

अशा रीतीने मे संपेपर्यंत मला ताप, खोकला, शव, विधवा, बोट बुडणे आणि वाट पाहणे हे सर्व काळांत चालवता येऊ लागलं. वाट पाहणे तर मी झोपेतही चालवत असे. 'लोणी' आणि 'छत्री' मात्र येत नव्हतं. घरी मी पाटीवर घोकत बसले की आत्याबाई विचारत, "काय म्हनून राहिली व?" मी सांगे, "बोटीवरचे सगळे वारले." त्या पदर तोंडाला लावत. "अव बाप्पा! तुमसरात राहिली असती तं असं अभद्र तोंडातून काढा लागलं असतं का?"

आता कॉलेजातून परीक्षेची तारीख कळवणारं कार्ड यायचं होतं.

ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते. आमच्याकडे कोणी गेल्याचं कळवायचं असेल तर कार्डाचा कोपरा फाडून पाठवतात. असं कार्ड घरात नेत नाहीत. उंबऱ्याबाहेर वाचतात, वाचलं की फाडून टाकतात, आणि नेसल्या वस्त्रानिशी अंघोळ करतात. आत्याबाई चौदा वर्षांच्या असताना त्यांच्या नवऱ्याचं कार्ड असंच आलं होतं. पोराटोरांनी घेतलं आणि देवळीत खोचून ठेवलं. दोन दिवस ते घरात होतं आणि त्या दोन दिवसांत आत्याबाई केसांत फूल घालून हिंडत होत्या. सासरच्यांनी ते फूल त्यांना आयुष्यभर विसरू दिलं नाही.

शनिवारी सकाळी मी घासलेट आणायला बाजारात गेले होते, बाबा मालधक्क्यावर. पोस्टमनने एक कार्ड आणलं. त्याचा कोपरा फाटलेला होता.

मी परतले तेव्हा चूल पाण्याने विझवलेली, आत्याबाई दारात ओल्या लुगड्यात बसलेल्या, आणि नालीत कार्डाचे तुकडे वाहून चाललेले.

"कोन गेलं, आत्या?"

"माहीत नाई."

"कार्ड वाचलं कोनं मंग?"

"कोनंच नाई. पोस्टमन म्हने, मजकूर इंग्रजीत आहे." आणि त्यांनी हंबरडा फोडला, "इंग्रजीत मेलं व कोनीतरी आपलं!"

हसू नका. मीही रडले. कोण ते कळेना म्हणून सगळ्यांसाठी थोडं थोडं रडले. त्या कार्डाचा आणि कॉलेजाचा काही संबंध असेल हे माझ्या ध्यानातच आलं नाही, कारण कोपरा फाटलेला होता, आणि कोपरा फाटला की आमच्याकडे पुढचा विचार थांबतो. बाबा आले, त्यांनीही अंघोळ केली, आणि सगळ्या नातेवाइकांना कार्डं टाकली: "आमच्याकडे अशुभ वार्ता आली आहे. कोण गेले ते उलटटपाली कळवावे."

जवळच्या गावांची उत्तरं दोन-तीन दिवसांतच येऊ लागली. केशोरीच्या मामांनी लिहिलं, "आम्ही सर्व जिवंत आहोत. आपणांस असे का वाटले?" सडक अर्जुनीचे काका ट्रकने स्वतः आले, अंगणात उभं राहून आपण जिवंत असल्याचं दाखवलं, सुतकाचं घर म्हणून पाणीही न पिता परत गेले. राहता राहिले खरगपूरचे बाबांचे चुलतभाऊ. रेल्वेत फोरमन, साहेबांच्या हाताखाली. आमच्या खानदानात इंग्रजीतून मरू शकेल असा तो एकच माणूस. त्यांचं उत्तर आलं नाही. आत्याबाईंनी त्यांच्यासाठी रीतसर शोक मांडला. "लहानपनी माह्या हातची बोरं खाल्ली त्यानं," म्हणून रडत.

दहा दिवसांचं सुतक. बाबांची नोकरी सोडली तर कोणी उंबरा ओलांडायचा नाही, मी पाटीला हात लावायचा नाही.

मंगळवारी पोस्टमनने आणखी एक कार्ड आणलं. चारही कोपरे धड. समोरच्या घरातून आलेलं. "कुमारी यांस. आपण गैरहजर आहात. शनिवारी आपणांस नागपूर कॉलेजचे कार्ड पोहोचल्याचे मी पाहिले. दिनांक काय ते कळवावे." पोस्टमन गल्लीत शिरला की जुन्या मानाने आधी मास्तरांच्या खिडकीशी थांबे आणि मास्तर सगळे पत्ते नजरेखालून घालत. शनिवारी त्यांनी ते कार्ड पाहिलं होतं. रविवारी ते बोलत नसत. सोमवारी त्यांनी लिहिलं. मंगळवारी ते दहा पावलं चालून मला मिळालं.

मी सुतक, पदर, आत्या सगळं सोडून गल्लीत धावले आणि खिडकीखाली उभी राहून ओरडले, "मास्तर, ते कार्ड आत्यानं फाडलं! कोपरा फाटलेला होता!"

मास्तर आतमध्ये भेंडी तोलत होते. काटा हलत राहिला, ते हलले नाहीत. मग त्यांनी जोडे घातले. निवृत्त झाल्यापासून त्यांना कोणाच्या घरी जाताना गल्लीने पाहिलं नव्हतं. ते दहा पावलं चालत आले आणि आमच्या अंगणात उभे राहिले.

"मास्तर, सुतक आहे," आत्याबाई आतून म्हणाल्या.

"नाही," मास्तर म्हणाले. "कोपरा गठ्ठ्याच्या सुतळीने फाटतो. रोज दहा फाटतात. कार्ड कॉलेजचं होतं. हिला परीक्षेला जाऊ द्या."

"तुमी वाचलं का?"

"पत्ता वाचला. शिक्का वाचला."

"मजकूर नाई वाचला ना? मंग कायले सांगता? खरंच कोनी गेलं असन तं?"

बाबा जेवणाच्या सुट्टीत घरी आले होते. ते एकदा बहिणीकडे पाहत, एकदा माझ्याकडे. मला दिसत होतं की ते बहिणीकडे झुकत आहेत. तुमसरची ती विहीर मला अंगणातून दिसत होती, कठड्यासकट.

मास्तरांनी मफलर सोडला. मग जे बोलले ते मी जसंच्या तसं सांगते, कारण एवढं लांब ते त्याआधी आणि त्यानंतर कधी बोलले नाहीत.

"मी चिचगडला होतो. नवा होतो. पहिली लढाई चालू होती. तिथल्या एका बाईचा नवरा मजूर पलटणीत भरती होऊन फ्रान्सला गेला होता. तिची पत्रं मीच लिहून द्यायचो. एक पत्र वर्षाने परत आलं. वर एक चिठ्ठी, फ्रेंच छापील पाच ओळी, आणि एका ओळीपुढे निळ्या पेन्सिलीची फुली. सगळं गाव कचेरीपुढे जमलं. 'काय लिवलं, मास्तर?' मला ते वाचता येत नव्हतं. पण टपालवाल्याला वाचता येत नाही असं कसं म्हणणार? मी फुली पाहिली. ख्रिस्ती लोक मेलेल्याच्या डोक्यावर फुली ठेवतात, एवढं ऐकून होतो. मी म्हणालो, मेला."

आत्याबाई दारात आल्या.

"तिने तिथेच दगडावर बांगड्या फोडल्या. तीन वर्षांनी माझी नागपूरला बदली झाली. तिथे त्या पाच ओळींचा अर्थ भिंतीवर टांगलेला होता. फुली चौथ्या ओळीपुढे होती. पत्ता न ठेवता निघून गेला."

"मंग तिले सांगितलं ना तुमी?" आत्याबाईंनी विचारलं.

"काय सांगणार? तुझा नवरा मेला नाही, तुला सोडून गेला, असं? तिला तिच्या लोकांनी पाट लावायला सांगितलं, तिने लावला नाही. त्याच्या नावाने राहिली. मागच्या साली हिवतापाने वारली." मास्तर माझ्याकडे वळले. "तीस वर्षं फ्रेंच शिकलो, कुमारी. त्या चार शब्दांचा दुसरा काही अर्थ निघतो का ते पाहायला. नाही निघत."

आत्याबाई म्हणाल्या, "जाय. पन खरगपूरवाला गेला असन तं त्याचं पाप तुह्या डोक्यावर." त्यांनी स्वतःच्या हाताने माझं लुगडं दोरीवरून काढलं.

मास्तर पोस्टात जाऊन कॉलेजला जबाबी तार करून आले. संध्याकाळी उत्तर आलं: परीक्षा दुसऱ्याच दिवशी सकाळी अकराला होती. पहाटेच्या गाडीने मास्तर मला घेऊन निघाले, आणि नागपूरपर्यंत एक शब्द बोलले नाहीत.

लेखी पेपरात एक बाग होती. तिच्यात छत्री घेतलेली एक मुलगी लोणी आणायला जात होती. माझ्या हातून ती मुलगी आजारी पडली. तोंडी परीक्षेला एक म्हाताऱ्या परदेशी बाई बसल्या होत्या. त्यांनी माझे रडून सुजलेले डोळे पाहिले आणि फ्रेंचमधून हळूच विचारलं, काय झालं, मुली?

मी म्हणाले, "देसेदे."

बाई खुर्चीतून अर्ध्या उठल्या. कोण?

मी प्रामाणिकपणे सांगितलं, "अँकोन्यू."

बाईंनी चष्मा काढला. पुढची वीस मिनिटं आम्ही वाट पाहण्याविषयी बोललो. त्या विषयात, सांगायला हरकत नाही, मला तोड नव्हती. बाईंना मी हे सगळं कुणाकडून शिकले ते हवं होतं. मी बाहेर बोट दाखवलं. मास्तर व्हरांड्यात मफलर घालून बसले होते आणि नोटिस बोर्डावरच्या पत्त्यांतल्या चुका मोजत होते.

जागा मला मिळाली. लेखीत काठावर, तोंडीत पहिली. तुमसरला बाबांनी नकार कळवला, आणि त्या गिरणीवाल्याने त्याच मुहूर्तावर भंडाऱ्याकडची एक मुलगी केली. तिचं पुढे काय झालं ते मी कधी विचारलं नाही. हिंमत झाली नाही.

निघायच्या आदल्या दिवशी माझी ट्रंक अंगणात उघडी होती. मास्तर वसतिगृहाचा पत्ता लिहिलेल्या बारा चिठ्ठ्या घेऊन आले होते, प्रांतासकट. आत्याबाई माझ्यासाठी लाडू बांधत होत्या, आणि अजूनही मधूनच खरगपूरवाल्याच्या नावाने डोळे पुसत होत्या. तेवढ्यात पोस्टमन आला. खरगपूरचं कार्ड. बाबांनी उंबऱ्याबाहेर उभं राहून मोठ्याने वाचलं. काका धडधाकट होते. दौऱ्यावर गेले म्हणून उत्तराला उशीर झाला. बढती मिळाली होती. आपण गेलो की काय असं विचारणारं बाबांचं कार्ड त्यांना फार लागलं होतं.

बाबा हसले. मी हसले. मास्तर चिठ्ठ्या हातात धरून उभे होते. आत्याबाईंनी मात्र लाडू परातीत तसाच ठेवला. इतक्या दिवसांचं रडणं, विझवलेली चूल, ओल्या लुगड्यातल्या अंघोळी, सगळं त्यांच्या डोळ्यांपुढून गेलं असावं. त्यांनी एकदा बाबांकडे पाहिलं, एकदा मास्तरांकडे, आणि कोणी आपल्याला फसवलं असावं अशा आवाजात ओरडल्या, "मंग मेलं कोन?"